कोथरूडचा जुना फ्लॅट विकायचा आहे: एजंटकडून नेमकं काय काय करून घ्यायचं?

चौथा_मजला · ६ सप्टेंबर २०२५, सकाळी ९.१२

कोथरूड, २ बीएचके, इमारत २००४ची, लिफ्ट आहे. २०१०-११ साली ३० लाखांना पुनर्विक्रीत घेतलेला, नवरा-बायको दोघांच्या नावावर. गृहकर्जाचे ११ लाख बाकी. मागणी ९२ लाख ठेवायचा विचार आहे.

तीन एजंट बघून गेले. पहिला १ टक्का म्हणतो. दुसरा २ टक्के, शिवाय 'एक्सक्लुझिव्ह द्या' (काम फक्त त्यालाच) म्हणतो. तिसरा म्हणतो दलाली देऊच नका, तुमच्या हातात ९० नेट, वरचं माझं.

या पैशात एजंटने करायचं काय असतं? गिऱ्हाईक दारात आणलं की संपलं? आणि घराची चावी त्याच्याकडे ठेवायची का?

पेठेतला_पाहुणा · ९.४०

गिऱ्हाईक पोर्टलवरही मिळतं. चार फोटो, एक नंबर, झालं. ९२ हजार वाचले.

चावीचा_जुडगा · १०.२५

पाहुणे, ९२ हजारच नाही. एजंट जीएसटीत असेल तर १८ टक्के वर, म्हणजे १ लाख ८ हजार ५६०. दोन टक्केवाल्याचे २ लाख १७ हजार १२०. भाव ठरवताना 'जीएसटीसह की वगळून' हे पहिल्याच दिवशी विचारायचं. जीएसटी लावणार असेल तर त्याचा नंबर असलेलं बिल मिळालंच पाहिजे. ते बिल पुढे कराच्या हिशोबातही लागतं.

आधी तिसऱ्याला नारळ द्या. 'नेट' म्हणजे खरा भाव तुमच्यापासून लपवायचा. तो ९६ ला विकेल, तुमच्या करारात ९० लिहील आणि मधले सहा रोखीत घेईल. खरेदीदाराला वाटणार ते तुम्हीच घेतले. शिवाय तिसऱ्याची नजर तुमच्या भावावर नसते, त्या फरकावर असते. ९१ ची प्रामाणिक ऑफर आली तर तो तुम्हाला सांगणारही नाही, कारण त्यात त्याला एकच लाख सुटतो.

आता मूळ प्रश्न. गिऱ्हाईक आणणं हा कामाचा छोटा भाग. खरं काम टोकन घेतल्यापासून शेवटचा पे ऑर्डर (बँकेने स्वतः काढलेला चेक) हातात पडेपर्यंतचं. बहुतेक व्यवहार तिथे अडकतात आणि तिथेच एजंट गायब होतो, कारण त्याने दलाली साठेखतालाच (विक्रीचं ठरल्याचा आधीचा करार) वसूल केलेली असते. म्हणून दलाली दोन भागांत ठरवा: अर्धी साठेखताच्या नोंदणीच्या दिवशी, अर्धी खरेदीखत (मालकी बदलणारा अंतिम दस्त) होऊन पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर. काम माहीत असलेला एजंट याला नाही म्हणत नाही.

गुंठामंत्री · १०.५१

भावाचं सांगा की कुणी. ९२ कुठून आला?

सूची_क्रमांक_दोन · ११.३०

भाव पोर्टलवरून काढू नका. तिथे दिसतो तो मागितलेला भाव. झालेला भाव नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये असतो. वर्ष, गाव (इथे कोथरूड) आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवरचे दस्त दिसतात. सूची २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात, 'मोबदला' (ठरलेली किंमत) आणि 'बाजारमूल्य' (सरकारी दराने काढलेलं) असे दोन रकाने. शेवटच्या दीड-दोन वर्षांतले तुमच्या इमारतीचे आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींचे दस्त काढायला एजंटला सांगा. त्याच्याकडे ही यादी नसेल तर त्याचा भाव हवेतला आहे.

वाचताना एक खोच लक्षात ठेवा. ज्या दस्तात मोबदला जवळजवळ बाजारमूल्याएवढाच आहे, तो बाजूला काढा. तिथे बहुधा वरचे पैसे रोख गेलेत किंवा व्यवहार नात्यातला आहे. ज्यात बँकेचं कर्ज आहे, तो आकडा जास्त विश्वासाचा.

दुसरं, क्षेत्रफळ. २००४ सालच्या करारात बहुधा बिल्टअप (भिंतींसह) किंवा सेलेबल (जिना-लिफ्टचा वाटाही धरून) लिहिलेलं असतं. समजा सेलेबल ९८० चौरस फूट आहे आणि आतून मोजल्यावर कार्पेट ६४० भरतं. ९२ लाखांना भाव सेलेबलवर ९,३८८ पडतो, कार्पेटवर १४,३७५. आजचा खरेदीदार रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) कार्पेटमध्ये विचार करतो. जाहिरातीत 'साडेनऊ हजारांचा भाव' लिहिला की येणारा माणूस ९८० कार्पेट समजून येतो आणि हॉलमध्येच तोंड पाडतो. खोलीखोली मोजून कार्पेट काढा, टेरेस आणि ड्राय बाल्कनी वेगळी दाखवा.

पेठेतला_पाहुणा · ११.४४

आणि पुनर्विकासात मोठा फ्लॅट मिळेल हे सांगायला विसरू नका, एजंट सांगतातच.

सूची_क्रमांक_दोन · ११.५८

२००४च्या इमारतीला ते सांगू नये. सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)च्या निर्देशांप्रमाणे प्रक्रिया सुरू केली असेल तरच बोलावं, आणि ठरावाची प्रत दाखवूनच.

चावीचा_जुडगा · दुपारी १२.३५

माणूस आणण्याआधी एजंटने चाळणी लावायची असते. 'बजेट किती' विचारून काही कळत नाही. हातात किती आहेत, ते विचारायचं. तुमच्याच फ्लॅटवर मांडतो.

कर्ज ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यात असलं तर बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. ९२ चे ८० टक्के ७३ लाख ६० हजार. उरले १८ लाख ४० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ४४ हजार. त्यासाठी बँक पैसे देत नाही. नोंदणी फी ३० हजार. त्याच्या बाजूची दलाली जीएसटीसह १ लाख साडेआठ हजार. बेरीज २६ लाख २२ हजारांच्या वर. इतके पैसे आज खात्यात, एफडीत किंवा पंधरा दिवसांत मोडता येतील अशा ठिकाणी नसतील तर तो माणूस फ्लॅट बघायला येतो, आवडतो, टोकन देतो आणि महिनाभर लोंबकळतो. 'माझा जुना फ्लॅट विकला की' म्हणणारे याच जातीतले. त्यांना नाही म्हणू नका, पण तेवढ्यासाठी बाजारातून फ्लॅट काढूही नका.

खरेदी एकट्या महिलेच्या नावावर असेल तर निवासी घराला १ टक्का सूट, म्हणजे थेट ९२ हजार वाचतात. घासाघीस तुटायला आली की हे सुचवणं एजंटचं काम. तुमच्या भावातले पन्नास हजार कमी करण्यापेक्षा सरकारचे ९२ हजार कमी करणं सोपं.

चावी: घर रिकामं असेल तर एक चावी द्या, पण एकाच एजंटला, आणि कोण कधी बघून गेलं त्याची नोंद व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. राहतं घर असेल तर अजिबात नको, शनिवार-रविवार दोन-दोन तास ठरवून द्या.

चौथा_मजला · १.१०

कागदांचं काय? माझ्याकडे बँकेत सगळं आहे, एवढंच माहीत आहे.

सूची_क्रमांक_दोन · २.४५

बँकेकडून आधी 'लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स' मागून घ्या. तारण ठेवताना कोणते मूळ कागद दिले याची यादी. त्यावर खरेदीदाराच्या बँकेचा वकील पुढचं सगळं ठरवतो. जाहिरात टाकण्याआधी ही यादी आणि खालच्या प्रती एका फोल्डरमध्ये हव्यात.

बिल्डर ते पहिला मालक हा मूळ करार, पहिला मालक ते तुम्ही हा करार. दोन्ही मुद्रांक आणि नोंदणी पावतीसह, दोन्हींची सूची २. साखळीतला एकही कागद निसटला तर बँक थांबते. पहिला करार हरवलेला निघाला तर पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, एवढं करायला तीन-चार आठवडे जातात. खरेदीदार सापडल्यावर हे कळलं तर तो थांबत नाही.

भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी. कोथरूडमध्ये त्या काळच्या बऱ्याच इमारतींना अंशतः भोगवटा असतो, तुमची विंग आणि मजला त्यात आहे का ते वाचून बघा.

भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. दोघांची नावं, पाठीमागच्या हस्तांतरण रकान्यात तुमची नोंद आणि बँकेच्या तारणाचा शिक्का. कर्ज फिटल्यावर तो बोजा कमी झाल्याची नोंद सोसायटीकडून करून घ्यायची असते, लोक विसरतात.

मालमत्ता कराची ताजी पावती, वीजबिल, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला.

आणि तीन गोष्टी ज्यावर बँकेचा मूल्यांकनकर्ता बोट ठेवतो. एक, टेरेस किंवा बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल तर मंजूर नकाशाशी जुळत नाही. दोन, करारातला फ्लॅट नंबर आणि दारावरचा नंबर वेगळा. बिल्डरने विंगांची अक्षरं नंतर बदलली की हा घोळ होतो, सोसायटीचं पत्र घेऊन ठेवायचं. तीन, नाव. करारात एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. लग्नानंतरचं आडनाव असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला हाताशी.

गुंठामंत्री · ३.०५

पार्किंग राहिलं.

सूची_क्रमांक_दोन · ३.२०

बरोबर. स्टिल्ट (इमारतीखालचं, खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणून 'पार्किंगचे पाच लाख वेगळे' असं जाहिरातीत लिहू नये. सोसायटीचं वाटपपत्र असेल तर 'वापराचा हक्क सोसायटीच्या नियमांप्रमाणे' असं करारात येतं. उघड्या जागेचं वाटप सोसायटी बदलू शकते, ते खरेदीदाराला आधी सांगणं बरं, नाहीतर ताबा घेताना भांडण.

हिशोबनीस · ४.१५

कर्ज बाकी असताना पैशाचा क्रम चुकला की व्यवहार फसतो, म्हणून रुपया न रुपया मांडतो. किंमत ९२ लाख.

टोकन १ लाख, एजंटच्या नाही तर तुमच्या खात्यात. त्यासोबत विसारपावती. त्यात मुदत (२१ दिवस पुरतात), टोकन कधी परत आणि कधी जप्त हे लिहायचं. कर्ज नामंजूर झालं किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर परत, मन बदललं तर जप्त. 'कर्ज नामंजूर' म्हणजे बँकेचं लेखी पत्र, हेही लिहा.

टीडीएस (किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) १ टक्का, ९२ हजार. किंमत ५० लाखांच्या वर म्हणून खरेदीदाराला तो कापावाच लागतो. प्रत्येक हप्त्यातून कापायचा असतो, पण शेवटचा हप्ता बँक देते आणि बँक पूर्ण रक्कम तुमच्या नावाने काढते. मग त्या हप्त्यावरचे ७३,६०० कुणी भरायचे यावरून ओढाताण. म्हणून बहुतेक जण पूर्ण ९२ हजार खरेदीदाराच्या स्वतःच्या पैशातूनच बाजूला काढतात.

साठेखताच्या दिवशी खरेदीदाराचा उरलेला स्वनिधी (कर्जाशिवायचे स्वतःचे पैसे): १८.४० वजा टोकन १ वजा टीडीएस ०.९२, म्हणजे १६.४८ लाख. यातले ११ लाख आणि वरचं व्याज थेट तुमच्या कर्जखात्याच्या नावाने द्यायला लावा. फोरक्लोजर पत्र (कर्ज मुदतीआधी बंद करायचं बँकेचं पत्र) आधी काढा. त्यावर तारखेपर्यंतची रक्कम आणि रोजचं व्याज असतं. ११ लाखांवर ९ टक्क्यांनी दिवसाला साधारण २७० रुपये. चार दिवस उशीर झाला आणि हजार रुपये कमी पडले तर खातं बंद होत नाही. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो.

कर्ज फिटलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात आणि नोंदवलेला बोजा काढावा लागतो. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद घ्यायला दोघा कर्जदारांनी जावं, एकाला बहुधा परत पाठवतात.

मग खरेदीखताच्या दिवशी बँकेचे ७३.६०. बेरीज करा: १ + ०.९२ + १६.४८ + ७३.६० = ९२.

या सगळ्यात एजंटने दर आठवड्याला दोन्ही बँकांच्या मागे लागायचं असतं. विचारायचा प्रश्न एकच: फाइल कुणाच्या टेबलवर आहे, लीगलला (कागद तपासणी) की टेक्निकलला (घराचं मूल्यांकन)?

बाकावरची_आजी · ४.५०

खरेदीदाराच्या बाजूने एक शंका. ११ लाख दुसऱ्याच्या कर्जात भरायचे, फ्लॅट अजून नावावर नाही. कोण देईल?

हिशोबनीस · ५.०५

आजी, साठेखत नोंदवलेलं असतं, पूर्ण मुद्रांक भरलेला असतो. नोटरी केलेल्या समजुतीच्या करारावर मात्र एवढे पैसे कुणी देऊ नयेत आणि मागूही नयेत. पुण्यात साठेखतावरच पूर्ण शुल्क भरतात, खरेदीखत नंतर नाममात्र मुद्रांकावर होतं.

टीडीएसचं अजून एक. विकणारे दोघं, घेणारेही दोघं असतील तर फॉर्म २६क्यूबी (हा टीडीएस भरायचा फॉर्म) चार भरायचे: प्रत्येक घेणारा, प्रत्येक विकणारा. ज्या महिन्यात कापला तो संपल्यावर ३० दिवसांत. एकच फॉर्म भरून मोकळे झाले तर सगळा कर एकाच्याच खात्यात दिसतो. आणि तुमच्या दोघांचं पॅन आधारला जोडलेलं आहे ना ते आजच बघा. पॅन निष्क्रिय असेल तर १ टक्क्याऐवजी २० टक्के कापावे लागतात.

पेठेतला_पाहुणा · ५.३०

नफ्यावरचा कर? एजंट सांगतात साडेबारा टक्के, विषय संपला.

हिशोबनीस · ६.००

संपला नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी दोन हिशोब करून कमी कर भरता येतो.

महागाई निर्देशांक न लावता: ९२ वजा ३० = ६२ लाख, १२.५ टक्के, ७ लाख ७५ हजार.

लावून: २०१०-११चा निर्देशांक १६७, २०२५-२६चा ३७६. ३० × ३७६ ÷ १६७ = ६७.५४ लाख. नफा २४.४६, २० टक्के, ४ लाख ८९ हजार.

फरक पावणेतीन लाखांच्या वर. यावर उपकर आहे, आणि कर दोघांत वाटला जाईल. विक्रीसाठी दिलेली दलाली किमतीतून वजा होते, म्हणून दलाली चेकने आणि बिल घेऊनच. कर वाचवायला दुसरं घर घेणार असाल तर आयकराचं कलम ५४, नाही तर सहा महिन्यांत ५४ईसीचे रोखे, कमाल ५० लाख. त्यात किती गुंतवायचे हे सीएकडूनच काढा, एजंटकडून नको.

गुंठामंत्री · ६.२०

थोडी रोख घेतली तर कर कमी, एवढं साधं गणित.

हिशोबनीस · ६.३२

साधं नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढा दंड. पाच लाख घेतले की पाच लाख दंड. आणि किंमत कागदावर बाजारमूल्याच्या खाली १० टक्क्यांपेक्षा जास्त गेली तर सरकार बाजारमूल्यच धरून तुमच्याकडून कर घेतं, घेणाऱ्याच्या उत्पन्नातही तो फरक धरतात. शिवाय कागदावरची किंमत उतरली की त्याचं कर्जही उतरतं, मग स्वनिधीचा तक्ता कोसळतो.

न्यूजर्सीकर · रात्री ११.१५

फ्लॅट अनिवासी भारतीयाच्या नावावर असेल तर हाच क्रम?

हिशोबनीस · ७ सप्टेंबर, सकाळी ८.४०

नाही. खरेदीदाराने १ टक्का कापून भागत नाही. पूर्ण किमतीवर १२.५ टक्के, त्यावर अधिभार आणि उपकर. ९२ लाखांना अधिभार १० टक्के धरून दर १४.३ टक्के, म्हणजे १३ लाख १५ हजार ६००. पन्नास लाखांच्या आत किंमत असती तर १३ टक्के. टाळायचं तर फॉर्म १३ भरून आयकर विभागाकडून कमी कपातीचा दाखला घ्यायचा, तो साठेखताच्या आधी हातात हवा. खरेदीदाराला टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो, २६क्यूबी चालत नाही. वीस टक्केवाला दुसरा हिशोब अनिवासींना मिळत नाही. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपया खातं).

एजंटचं काम इथे एकच, पण मोठं: 'मालक परदेशात आहेत' हे पहिल्या फोनलाच सांगणं. बरेच खरेदीदार टॅन ऐकून पळतात, ते टोकनआधी पळालेले बरे.

सूची_क्रमांक_दोन · ९.०५

मालक परदेशात असेल तर लागणाऱ्या मुखत्यारपत्राचं जोडतो. भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचं प्रमाणन) केलेलं, त्यात हाच फ्लॅट, हाच व्यवहार आणि 'नोंदणीसाठी कबुलीजबाब देण्याचा' अधिकार स्पष्ट लिहिलेला. भारतात आल्यापासून ३ महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरून घ्यायचा. लोक कुरिअर पाकीट कपाटात ठेवतात आणि चौथ्या महिन्यात काढतात. पाकिटावरची तारीख जपून ठेवा.

चौथा_मजला · १०.३०

आमची सोसायटी 'ना हरकत'साठी एक लाख डोनेशन मागते असं शेजारी म्हणाले.

बाकावरची_आजी · १०.५०

देऊ नका. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये. हस्तांतरण फी ५०० आणि नव्या सभासदाची प्रवेश फी १०० वेगळी. त्यापलीकडे कोणत्याही नावाने मागणं नियमात बसत नाही. २५ हजार कुणी भरायचे हा तुमच्यातला करार, पुण्यात बहुधा घेणारा भरतो किंवा अर्धे-अर्धे. पण तो विसारपावतीतच लिहावा.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) विक्रीसाठी ना हरकतीची अट नाही, विकणाऱ्याने १५ दिवस आधी नोटीस द्यायची असते. अडचण बँकेची, ती ठरावीक मसुद्यात पत्र मागते. तो मसुदा बँकेकडून आणून सचिवांच्या हातात ठेवणं हे एजंटचं काम. 'सोसायटीला सांगा एनओसी द्या' म्हटलं की सचिव आपल्या भाषेत चार ओळी लिहितात, बँक परत पाठवते, आणि पुढची कमिटी मीटिंग पुढच्या महिन्यात.

चावीचा_जुडगा · ११.४०

एजंटशी लेखी पत्र करा, एक पान पुरतं. याचं कारण सांगतो. रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी ही रेरात नोंदलेल्या प्रकल्पांसाठी आहे. २००४च्या इमारतीच्या पुनर्विक्रीत त्याचा आधार धरून बसता येत नाही, कागद हाच आधार. तरीही महारेरा नंबर असलेला एजंट बरा. त्याने प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिलेली असते आणि नंबर संकेतस्थळावर तपासता येतो.

पत्रात हे हवं. मुदत: एक्सक्लुझिव्ह देणार असाल तर ६० दिवस, त्याहून जास्त नको. टक्केवारी, जीएसटी, दोन टप्पे. दुसऱ्या बाजूकडूनही घेतोय का, किती. आपल्याकडे दोन्हीकडून घेतातच, पण लपवून नको. टोकन स्वीकारण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने आणलेल्या लोकांची नावं तारखेसह तुम्हाला कळवायची, आणि त्याच यादीतल्या माणसाशी तीन महिन्यांत व्यवहार झाला तरच मुदतीनंतर दलाली. ही यादी नसेल तर नंतर दोन एजंट एकाच खरेदीदारावर हक्क सांगतात आणि दोघंही तुमच्या दारात.

एक्सक्लुझिव्ह वाईट नसतं. पाच जणांना दिलं की पाच पोर्टलवर पाच भावांनी तोच फ्लॅट दिसतो, ९२, ९०, ९५, आणि घेणारा सगळ्यात खालच्यापासून सुरू करतो. पण एक्सक्लुझिव्ह मागणाऱ्याला विचारा: फोटो कोण काढणार, कार्पेट कोण मोजणार, सूची २ ची यादी कधी देणार? आठवड्यात तिन्ही दिलं तर दोन टक्केही परवडतात. नुसता बोर्ड लावणार असेल तर पहिला १ टक्केवाला बरा.

चौथा_मजला · १२.१५

नोंदणीच्या दिवशी काय बघायचं?

सूची_क्रमांक_दोन · १.३०

आदल्या संध्याकाळी पब्लिक डेटा एन्ट्रीचा (नोंदणीआधी ऑनलाइन भरलेली दस्ताची माहिती) प्रिंट मागा. दस्ताचा मजकूर वकिलाने नीट केलेला असतो, चुका या डेटा एन्ट्रीत होतात आणि सूची २ त्यावरूनच छापली जाते. नाव, फ्लॅट नंबर, विंग, मजला, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. चौरस फुटाचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात गेला की मूल्यांकन दहापट. नोंदणीनंतर चूक सापडली तर चूक दुरुस्ती लेख, म्हणजे सगळ्यांनी पुन्हा हवेलीच्या निबंधक कार्यालयातल्या त्या रांगेत.

मूळ आधार, पॅन, दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह. वयस्कर माणसांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, म्हणून सकाळची वेळ घ्या, बोट पुसायला ओला रुमाल ठेवा. अंथरुणावर असलेल्या विक्रेत्यासाठी निबंधकांना घरी बोलावण्याची सोय आहे, अर्ज आधी करावा लागतो.

खरेदीखताला बँकेचा माणूस पे ऑर्डर घेऊन येतो. सही करण्याआधी तो उघडून बघा: नावाचं स्पेलिंग पासबुकाप्रमाणे, रक्कम ७३ लाख ६० हजार, दोघांत वाटून दोन हवे असतील तर दोन. एका अक्षराने चुकलेला पे ऑर्डर बदलून यायला आठवडा जातो.

बाकावरची_आजी · १.५०

आणि ताबा पैसे खात्यात जमा झाल्यावर. पे ऑर्डर हातात आल्यावर नाही.

चावीचा_जुडगा · २.०५

ताबा पावतीत वीज मीटरचं रीडिंग फोटोसह, गॅसची स्थिती, देखभाल कोणत्या महिन्यापर्यंत भरली, काय सोडून जाताय (गीझर, पंखे, मॉड्युलर किचन) ते नावानिशी. चाव्यांची संख्या लिहा. मुख्य दाराच्या तीन, सेफ्टी डोअरच्या दोन, टपालपेटीची एक. टपालपेटीची चावी हमखास राहते आणि दोन महिन्यांनी तुमचं बँकेचं पत्र त्यात सापडतं.